जुनी गाडी आणि विक्रेत्याचा उंबरठा

वाशिमच्या इतिहासाविषयी बोलावयाचे म्हटले की श्रोत्यांच्या मनात प्रथम वत्सगुल्म उभे राहते. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी या गावी होती, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. कारंज्याचे नाव निघाले की जैनांची प्राचीन पीठे आणि कापसाची पेठ आठवते. हा अभिमान योग्यच आहे. परंतु कोणत्याही ताम्रपटावर न कोरलेला आणि तरीही आपल्या प्रत्येकाच्या ओट्यापाशी उभा असलेला एक इतिहास गेल्या साठ-सत्तर वर्षांत घडला. तो फटफटीचा, म्हणजे मोटारसायकलचा इतिहास होय. त्यातील एका प्रकरणाचा विचार आम्ही येथे करणार आहोत. नवी गाडी घेणाऱ्याचे स्वागत कसे होते, हे सर्वांना ठाऊक आहे. तोच मनुष्य दहा-बारा वर्षांनी तीच गाडी घेऊन त्याच दारी गेला तर त्याचे काय होते, आणि हे असे का झाले, हा आमचा प्रश्न आहे.

हा प्रश्न क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. म्हणून प्रथम आपल्या जिल्ह्याकडे पाहू. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे सहा तालुके वेगळे निघाले व आपला जिल्हा झाला. पूर्णा-अकोला लोहमार्ग वाशिमवरून जातो, पण सहाही तालुक्यांना त्याचा लाभ नाही. कारंज्यावरून जाणारी शकुंतला ही अरुंद मापाची गाडी बंद पडली. एसटी येते, पण ती तिच्या वेळेला येते, आपल्या वेळेला नव्हे. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला आणि तो आपल्याच मालेगाव, मंगरूळपीर व कारंजा तालुक्यांतून गेला. परंतु त्या मार्गावर दुचाकीला मज्जाव आहे. म्हणजे जिल्ह्यातून देशातला एक मोठा रस्ता जातो आणि जिल्ह्यातील सामान्य माणसाचे वाहन मात्र त्यावर चढू शकत नाही. शेतावर फवारणीचा पंप न्यावयाचा, सोयाबीनच्या बियाण्याची थैली आणावयाची, दुधाचे कॅन गावात पोचवावयाचे, म्हाताऱ्या आईला वाशिमच्या किंवा अकोल्याच्या दवाखान्यात न्यावयाचे, पोहरादेवीला दर्शनास जावयाचे, या सर्व कामांना गाडी एकच. ती हौसेची वस्तू नाही, घरातले कमावते माणूस आहे. आणि कोरडवाहू शेतीच्या घरात कमावते माणूस दर पाच वर्षांनी बदलता येत नाही. म्हणून आपल्याकडे गाडी जुनी होते, धाकट्या भावाकडे जाते, मग चुलतभावाकडे जाते, आणि तरीही चालत राहते. रस्त्यावर एमएच ३७ च्या गर्दीत मधूनच एमएच ३० पाटीची एखादी गाडी दिसते. ती वयाने कदाचित आपल्या जिल्ह्याहूनही मोठी असेल.

आता मूळ इतिहासाकडे वळू. स्वातंत्र्यानंतर आपल्या देशात दुचाकीचा कारखानदारी उद्योग उभा राहिला तो परदेशी नमुन्यांवर. १९५५ साली मद्रासला एनफील्ड इंडिया स्थापन होऊन बुलेट येथे जुळू लागली. १९६० नंतर म्हैसूरला जावा तयार होऊ लागली, एस्कॉर्ट्सची राजदूत बाजारात आली, आणि पुण्याजवळ बजाज ऑटोने इटलीच्या व्हेस्पाच्या परवान्यावर स्कूटर काढण्यास प्रारंभ केला. हे सर्व परवान्यांचे युग होते. किती गाड्या काढावयाच्या हे सरकार ठरवी, मागणी त्याहून कितीतरी अधिक असे. सर्वांत तीव्र टंचाई स्कूटरची होती. तिचे वाटप आणि विक्री यांवर नियंत्रण ठेवण्यासाठी केंद्र सरकारला १९६० साली स्वतंत्र आदेश काढावा लागला. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावयाची, क्रमांक लागला की पेढे वाटावयाचे, अशी रीत होती. कित्येकांच्या वाट्याला ही प्रतीक्षा दहा वर्षांपर्यंत आली.

या काळात विक्रेता हा दाता होता आणि ग्राहक याचक. विक्रेत्याने गोड बोलावे असे काहीच कारण नव्हते, आणि तो बोलतही नसे. परंतु येथेच एक मौज लक्षात घेण्याजोगी आहे. ज्या काळात नव्या ग्राहकाची किंमत शून्य होती, त्याच काळात जुन्या गाडीची किंमत फार मोठी होती. प्रतीक्षा टळते म्हणून वापरलेली बजाज स्कूटर नव्या स्कूटरच्या अधिकृत किमतीहून जास्त दराने विकली जाई. दुसरे असे की, तेव्हा नमुने बदलत नसत. बुलेट, राजदूत आणि चेतक यांची मूळ घडण वर्षानुवर्षे तीच राहिली. त्यामुळे आठ वर्षांच्या गाडीला लागणारा भाग आणि काल निघालेल्या गाडीचा भाग बहुधा एकच असे. विक्रेत्याने जुन्या मालकाची पर्वा केली नाही तरी मालकाचे अडत नसे. तो बाजारातून भाग आणी आणि मिस्त्रीच्या हाती देई. आपल्या गावोगावचा मिस्त्री हा या युगाचा पुत्र आहे. कोणत्याही कारखान्यात न शिकता, एका राजदूतचे इंजिन शंभर वेळा खोलून तो तयार झाला. त्याच्या विद्येचा पाया हाच होता की यंत्र बदलत नव्हते.

म्हणून या पहिल्या कालखंडाचे सार असे सांगता येईल की, त्या काळी ग्राहकाला मान नव्हता, पण जुन्या गाडीला जीवन होते.

१९८० नंतर पारडे फिरले. सरकारने लहान इंजिनांच्या गाड्यांसाठी परदेशी सहकार्यास मोकळीक दिली आणि चार जपानी कंपन्या जवळजवळ एकाच वेळी आल्या. होंडाने हिरो आणि कायनेटिकशी, सुझुकीने टीव्हीएसशी, यामाहाने एस्कॉर्ट्सशी आणि कावासाकीने बजाजशी हात मिळविला. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली. ती चार स्ट्रोकची होती, पेट्रोलात तेल मिसळावे लागत नसे, आणि थोड्या पेट्रोलात पुष्कळ पळत असे. पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा, अशा अर्थाची तिची जाहिरात होती. टंचाई संपली. विक्रेत्याच्या दुकानाला काचा लागल्या, तेथे शोरूम हा शब्द आला, आणि काल ज्याला उभे ठेवले जाई त्या ग्राहकाला आता खुर्ची आणि चहा मिळू लागला. किल्ली देताना हार घालावयाचा, सर्व कुटुंबाचा फोटो काढावयाचा, नारळ फोडावयाचा, हा सोहळा या युगातला आहे. आम्ही त्याची थट्टा करीत नाही. ज्या घरात पहिल्यांदाच गाडी येते त्या घराला तो सोहळा आयुष्यभर आठवतो.

परंतु विपुलतेबरोबर एक नवी गोष्ट आली, ती म्हणजे नमुन्याचे अल्पायुष्य. धुराचे नियम १९९१ पासून आले, ते १९९६ साली आणि पुन्हा २००० साली कडक झाले. दोन स्ट्रोकच्या गाड्या एकामागून एक मागे पडल्या. म्हैसूरचा जावा-येझदीचा कारखाना १९९६ मध्ये बंद झाला; यामाहाची आरएक्स १०० ही त्याच सुमारास थांबली. बजाजने २००९ साली स्कूटर बनविणेच सोडले. त्यानंतर २०१० साली भारत स्टेज तीन, २०१७ साली स्टेज चार आणि १ एप्रिल २०२० पासून स्टेज सहा असे नियम आले. हवा शुद्ध राहावी हा त्यांचा हेतू स्तुत्यच आहे. पण प्रत्येक पायरीला इंजिन बदलले, कार्बोरेटर जाऊन इंधन फवारणारी विजेवर चालणारी यंत्रणा आली, आणि कालच्या गाडीचा भाग आजच्या गाडीला लागेनासा झाला.

या घाईचे एक ठळक दृश्य २०१७ च्या मार्च महिन्यात सर्व देशाने पाहिले. स्टेज तीनच्या गाड्या १ एप्रिलपासून विकता येणार नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्चला दिला. तेव्हा देशात अशी सुमारे ८ लाख वाहने शिल्लक होती आणि त्यांत बहुसंख्य दुचाकी होत्या. पुढच्या दोन दिवसांत हजारो रुपयांची सूट देऊन त्या विकल्या गेल्या, दुकानांपुढे रांगा लागल्या. त्या रांगांत उभे राहिलेल्यांना कोणी सांगितले नाही की, ज्या क्षणी ही गाडी तुमची झाली त्याच क्षणी ती जुनी झाली. सूट डोळ्यांना दिसत होती, तिच्या पोटातले मोल मात्र पुढे चुकवावयाचे होते.

आता जुन्या मालकाचा अनुभव पाहा. गाडी हमीच्या मुदतीत आहे, मोफत सर्व्हिसिंगची कुपने शिल्लक आहेत, तोपर्यंत फोन येतात, तारीख कळविली जाते. ती मुदत सरली की सूर बदलतो. आधी सांगितले जाते की भाग मागवावा लागेल. मग तो कंपनीने बंद केला असे कळते. त्यानंतर, एवढ्या जुन्या गाडीवर कशाला खर्च करता, असा आपुलकीचा प्रश्न येतो, आणि शेवटी एक कागद पुढे सरकतो. त्यावर जुनी गाडी देऊन नवी घेण्याची योजना छापलेली असते. आला होता चेन-स्प्रॉकेट बदलावयास. परत जातो तो महिन्याच्या हप्त्याचे गणित डोक्यात घेऊन.

येथे विक्रेत्यालाच दुष्ट ठरविणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. त्याचीही बाजू ऐकली पाहिजे. नव्या गाडीच्या विक्रीवर त्याला सुटणारा नफा थोडा असतो. त्याचे दुकान चालते ते कर्ज मिळवून देण्याच्या दलालीवर, विम्यावर, जोडसामानावर आणि सर्व्हिसिंगच्या मजुरीवर. कंपनी त्याला दर महिन्याला इतक्या गाड्या उचल असा आकडा देते. जुन्या किती गाड्या चालत्या ठेवल्या, हे कोणी विचारीत नाही. जुन्या नमुन्याचा भाग फळीवर ठेवला तर तो वर्षभरात एखादा खपावयाचा, आणि तोवर त्यात पैसा अडकून व्याज चढत राहावयाचे. तात्पर्य, विक्रेता ज्या तराजूत उभा आहे त्या तराजूत जुन्या मालकासाठी पारडेच नाही. दोष वृत्तीचा असेल तितकाच तो व्यवस्थेचा आहे, आणि व्यवस्था कारखान्यापासून सुरू होते.

जुनी देऊन नवी घेण्याच्या व्यवहारात मात्र एक धोका आहे. तो अनेकांच्या ध्यानी येत नाही, म्हणून तो आम्ही सविस्तर सांगतो. विक्रेता जुनी गाडी घेतो आणि दलालामार्फत पुढे विकतो. मूळ मालकाकडून कोऱ्या अर्जांवर सह्या घेतल्या जातात, आणि तो नव्या गाडीवर बसून निघून जातो. पण परिवहन कार्यालयाच्या नोंदीत नाव कोणाचे? पुष्कळदा त्याचेच. ६ फेब्रुवारी २०१८ रोजी नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदीत ज्याचे नाव आहे त्याची. त्या प्रकरणात गाडी अनेक हातांतून पुढे गेली होती, तरी नोंदीतल्या मालकाची सुटका झाली नाही. म्हणजे विकलेली गाडी कोठे तरी दूर कोणाला धडकली, तर नोटीस रिसोडच्या घरी यावयाची. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांसाठी केंद्राचे नवे नियम लागू झाले आहेत. त्यांप्रमाणे अधिकृत प्रमाणपत्र असलेल्या व्यापाऱ्याला गाडी सोपविल्याची सूचना परिवहन खात्याला रीतसर दिली, की तो व्यापारीच तिचा मालक समजला जातो. नियम चांगला आहे. परंतु व्यापाऱ्याकडे ते प्रमाणपत्र आहे का आणि ती सूचना गेली का, हे विचारण्याचे काम आपल्याला करावयाचे आहे. सही करण्यापूर्वी एवढा प्रश्न विचारणाऱ्याला कोणी भांडखोर म्हटले तर म्हणू द्यावे.

जुनी गाडी ठेवणाराच्या वाटेत सरकारनेही काही दगड ठेवले आहेत. मोटार वाहन कायद्याने खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षे टिकते, मग पाच-पाच वर्षांसाठी वाढवावी लागते. दुचाकीच्या या नूतनीकरणाची फी १ एप्रिल २०२२ पासून ३०० रुपयांवरून १,००० रुपये झाली, आणि २० वर्षांवरील दुचाकीला २०२५ साली ती २,००० करण्यात आली. शिवाय पर्यावरण कर आहेच. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या सर्व गाड्यांना नव्या सुरक्षित नंबरपाट्या लावण्याचा फतवा निघाला आणि त्याची मुदत २०२५ मध्ये पुन्हा पुन्हा वाढवावी लागली. ज्याची गाडी नवी त्याला ही पाटी विक्रेत्यानेच लावून दिली. ज्याची जुनी, तो संगणकावर वेळ मिळविण्यासाठी दुसऱ्याच्या दुकानात बसला.

पेट्रोलाचेही तसेच झाले. २०२५ साली पेट्रोलात २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे लक्ष्य देशाने गाठले. जुन्या गाड्यांच्या मालकांनी शंका काढल्या. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने खुलासा केला की, काही जुन्या वाहनांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर रबरी भाग आणि गॅस्केटे बदलावी लागतील, पण तो खर्च किरकोळ असून नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये होऊन जाईल. या प्रश्नावरील याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. आम्ही त्या वादात शिरत नाही. आमचे म्हणणे एवढेच की, मंत्रालयाच्या उत्तरात नेहमीचे सर्व्हिसिंग हे शब्द आहेत, आणि जुन्या गाडीच्या बाबतीत नेमके तेच दार बंद होत आले आहे. भाग किरकोळ असेल. पण तो फळीवर नसेल तर त्याची किरकोळ किंमत कोणाच्या उपयोगाची?

मग हे अटळ आहे काय? इतिहास तसे म्हणत नाही. डिसेंबर २०१० मध्ये हिरो आणि होंडा यांनी वेगळे होण्याचे जाहीर केले, आणि २०११ साली कंपनीचे नाव हिरो मोटोकॉर्प झाले. टाकीवर दोन नावे असलेल्या असंख्य गाड्या तेव्हा देशभर धावत होत्या. आता आपला वाली कोण, ही शंका त्यांच्या मालकांना येणे स्वाभाविक होते. परंतु नव्या नावाच्या कंपनीने त्या गाड्यांचे भाग आणि सेवा चालू ठेवली. नाव गेले तरी जबाबदारी राहू शकते, याचा हा दाखला. याच्या उलट दाखलेही आहेत. जावाचे नाव २०१८ मध्ये परत आले, चेतकचे नाव २०२० मध्ये विजेवर चालणाऱ्या स्कूटरला लाभले. जुन्या लोकांना गहिवरून आले. पण नव्या जावाच्या चार स्ट्रोक इंजिनाचा जुनीला उपयोग नाही, आणि विजेच्या चेतकमध्ये तर जुन्या चेतकच्या पिस्टनला जागाच नाही. जुन्या मालकाच्या आठवणीचा लाभ नव्या विक्रीला झाला. जुन्या मालकाला मात्र सुटा भाग मिळाला तो दिल्लीच्या करोलबागेसारख्या पेठांतून आणि मिस्त्रीच्या खटपटीतून. नावाचा वारसा घ्यावयाचा आणि जबाबदारीचा सोडावयाचा, हा व्यवहार कायद्याला चालत असेल, पण तो शोभणारा नव्हे.

कायदाही हळूहळू या दिशेने पावले टाकीत आहे. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड केला. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारात न देता आपल्याच विक्रेत्यांपुरती राखून ठेवल्याचा ठपका त्यांच्यावर होता. दंडावर पुढे अपिले झाली, आणि तो खटला चारचाकींचा होता हेही खरे. पण विकलेल्या वस्तूची दुरुस्ती ही विकणाऱ्याची मक्तेदारी नव्हे, हे तत्त्व त्यातून पुढे आले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ साली लोकांनी मतदानाने असाच कायदा मंजूर केला होता. आपल्या ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि तिच्या विषयांत वाहनांचाही समावेश केला. त्या हक्काला स्वतंत्र कायद्याचे रूप मात्र अद्याप आलेले नाही.

तोवर जे हाती आहे ते वापरले पाहिजे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे जाता येते. कंपनी पुण्याची असो की हरियाणाची, आपल्याला वाशिम सोडावे लागत नाही. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मुदत मात्र दोन वर्षांची आहे. पावती न देणे हीसुद्धा त्या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरते. म्हणून पावती घ्यावी, ती जपावी, आणि भाग मिळत नाही असे सांगितले तर ते लेखी मागावे. तोंडी नकार वाऱ्यावर जातो, लेखी नकाराला उत्तर द्यावे लागते.

शेवटी आपल्याच शिवारातली एक गोष्ट सांगून हे विवेचन पुरे करू. बैलबाजारात दात पाहून किंमत होते, तेथे भावनेला स्थान नसते. परंतु पोळ्याच्या दिवशी घरच्या म्हाताऱ्या बैलाच्या खांद्यालाही लोणी-हळद लागते. त्याचे दात कोणी मोजत नाही. शेतकऱ्याने ही दोन मापे फार पूर्वीपासून वेगळी ठेवली आहेत, एक विकण्याचे आणि एक राबणाऱ्याचे. विक्रेत्यांनी म्हाताऱ्या गाडीची पूजा करावी असे आमचे म्हणणे नाही. विक्री थांबलेल्या नमुन्याचे झिजणारे भाग ठरावीक वर्षे मिळतील हे कंपनीने विकतानाच लिहून द्यावे, आपण जो भाग ठेवीत नाही त्याची माहिती गावच्या मिस्त्रीला मोकळेपणी द्यावी, आणि दुरुस्तीला आलेल्या माणसाला आधी दुरुस्तीचा हिशेब सांगावा, नव्या गाडीचा मागाहून, एवढेच आम्ही मागतो. ज्याने एकदा आपल्या दारात नारळ फोडून गाडी नेली तो दहा वर्षांनीही आपलाच ग्राहक आहे, हे ज्या विक्रेत्याला कळेल त्याच्या दुकानाला आमच्या जिल्ह्यात गिऱ्हाइकांचा तोटा पडणार नाही. कारण येथे गाडी घेण्यापूर्वी माणूस जाहिरात वाचतो खरा, पण विचारतो तो शेजाऱ्याला, आणि शेजाऱ्याची गाडी बहुधा जुनीच असते.